केना वहीत उतरेना

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. वय 44, शिक्षण बारावी. घरी सहा एकर कोरडवाहू. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला ज्वारी. मुलगा पुण्यात नोकरीला. सासूबाई मागच्या वर्षी वारल्या. धुऱ्यावरचं कुठलं गवत गुरांना चालतं, कशाची भाजी होते, कशानं हात खाजतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या गेल्यावर ताईंच्या ध्यानात आलं, की आपल्याला त्यातलं निम्मंसुद्धा माहीत नाही. म्हणून यंदा मृग लागल्यापासून त्या एका जुन्या डायरीत शेतातल्या तणांची चित्रं काढतायत. पण चित्रं मनासारखी येत नाहीत. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा कशीबशी 'सी' श्रेणीत निघाली, इंटरमिजिएटला त्या नापास झाल्या आणि चित्रकलेचे सर म्हणाले, "हे तुझं काम नाही." मुलगा म्हणतो, "आई, फोटो काढ, अ‍ॅपवर टाक, नाव लगेच येतं." जाऊ म्हणते, "लेकरावानी चित्रं काढायलीस का?" मालक बोलत काही नाहीत, पण वही दिसली की त्यांना चार कामं आठवतात. वही आता पिठाच्या डब्यामागे असते. शेतीला याचा उपयोग होईल, असं ताईंनी पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलंय. त्यातच मोबाइलवर '21 दिवसांत हुबेहूब चित्र' शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात आली, फी 2,000 रुपये. ताई विचारतात: क्लास लावू, फोटोच काढू, की हा नाद सोडून देऊ? सोबत वहीच्या एका पानाचा फोटो आहे. चित्र केना या तणाचं.

ताई, नमस्कार.

तुमचे तिन्ही प्रश्न जरा बाजूला ठेवते आणि आधी त्या वहीच्या पानाबद्दल बोलते. चित्र बिघडलंय, असं तुम्ही लिहिलंत. बिघडलंय खरं. खोड पट्टीनं आखल्यागत सरळ आलंय, पानं त्याला नंतर आणून चिकटवल्यासारखी वाटतात, आणि प्रत्येक पानात मधोमध एक शीर काढून तिला दोन्ही बाजूंनी फाटे फोडलेत. पण त्याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, 'पाकळ्या दोन का तीन?' आणि पुढचं प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलंय. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या मजकुरात मला ही ओळ सगळ्यात जास्त आवडली. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही केना उपटत असाल. या आधी हा प्रश्न कधी पडला होता का?

पाकळ्या तीन. दोन मोठ्या, निळ्या, चटकन दिसतात. तिसरी खालच्या अंगाला, लहान, आणि पाहायचंच ठरवलं नाही तर नजरेतून सुटते. फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटून मलूल होतं, म्हणून भाकरी बांधून उशिरा शेतात गेलात तर ते नीट भेटणार नाही. तुम्हाला दोन दिसल्या आणि तरी शंका आली, म्हणजे डोळा कामाला लागलाय.

आता त्या शिरा. केन्याच्या पानाच्या शिरा बुडाकडून टोकाकडे एकमेकींच्या सोबतीनं धावतात, ज्वारीच्या पानाच्या जशा धावतात तशा. मधल्या शिरेला बाजूनं फाटे फुटतात ते आंब्याला, पिंपळाला, तुरीला. समोर केना होता आणि तुमच्या हातानं लहानपणी पाटीवर गिरवलेलं 'पान' काढलं. हे सगळ्यांचंच होतं. डोळ्याला ओळख पटली की तो पुढं सरकतो, बाकीचं मन आपल्या साठवणीतून भरून टाकतं. यात कला असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही. बघणं जिथं थांबलं, तिथून पाठांतर सुरू झालं, एवढंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: चित्र चांगलं आलं की वाईट, हे विचारायचं काही दिवस बंद करा. काढताना काय नवं दिसलं, ते विचारा. रेघ चुकली असं वाटलं की तुम्ही पान उलटता. उलटू नका. चुकल्याची शंका ज्या जागी येते, तेवढीच जागा पुन्हा झाडावर बघा आणि शेजारी मोठी करून काढा. पूर्ण झाड काढायची गरज नाही. पान खोडाला लागतं तेवढाच जोड काढा. केन्याच्या पानाचं बूड खोडाला गुंडाळून बसलेलं असतं आणि त्या गुंडाळीच्या तोंडाशी तांबूस बारीक लव असते. ती एकदा काढलीत की पानं पुन्हा चिकटवल्यासारखी येणार नाहीत, कारण ती कशी धरलेली आहेत हे आता तुम्हाला माहीत असेल.

मग एक दिवस पाऊस उघडल्यावर, जमीन मऊ असताना, एक जुना पसरलेला केना खुरप्यानं न तोडता मुळासकट हळूच उचला. बादलीत माती धुऊन काढा. वही आडवी धरा, मधून जमिनीची रेघ ओढा. वरचं वर, खालचं खाली. खोड जिथं जिथं भुईला टेकलं होतं त्या पेरांना मुळ्या फुटलेल्या दिसतील. खुरपून धुऱ्यावर फेकलेला केना एक सर आली की पुन्हा उभा राहतो, ही तक्रार तुम्ही दर पावसाळ्यात करत असाल. प्रत्येक पेराशी मुळी काढत गेलात की त्यामागचं कारण हाताखालून जातं. एवढंसं पेर उरलं तरी त्याला पुरतं. आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेक शेतकऱ्यांनीसुद्धा पाहिलेली नसते. जुन्या रोपाला मातीखाली पांढुरके, बिनपानांचे धुमारे असतात आणि त्यांना जमिनीतच फुलं धरतात. ती उमलत नाहीत. बंदच राहून तिथल्या तिथं बी धरतात. तुम्ही वरचं निळं फूल बी धरायच्या आधी खुडलंत म्हणून केन्याचं बी संपत नाही. ही खालची फुलं सासूबाईंना माहीत होती की नव्हती, कोण जाणे.

हे सगळं कुणी सांगितलं असतं तर तुम्ही "हो का?" म्हणून विसरला असता. मीही आत्ता सांगितलंच आहे, तेव्हा ते खरं आहे का हे तुम्ही वहीत काढूनच ठरवा.

लव्हाळ्याचंही असंच करून बघा. लांबून तो गवतच वाटतो. दांडा आडवा कापून त्याचा काप काढायला बसलात की गोल काढता येत नाही, तीन कोन येतात. बोटांत फिरवलात तर तीन धारा लागतात. हरळीच्या काडीला त्या लागत नाहीत. आणि खाली मुळांना गाठी, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. वरून कितीही खुरपलं तरी तो का हटत नाही, याचं उत्तर त्या गाठी जोडत जाताना आपोआप मिळतं.

आता तुमच्या सरांचं. सर चुकले, असं मी म्हणणार नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, अक्षरलेखन असतं. ठरलेल्या वेळात कागद पूर्ण करून द्यायचा आणि परीक्षकानं तो कागद बघून श्रेणी द्यायची. कागद करणाऱ्या मुलीनं घड्याकडे किती वेळ पाहिलं, हे मोजायची सोय त्यात नाही, असायची गरजही नाही. त्या परीक्षेत तुम्ही मागं पडलात. त्यातून 'माझ्या हातात चित्र नाही' हा निकाल तुम्ही स्वतःच काढलात आणि इतकी वर्षं जपलात. अक्षर वळणदार नाही म्हणून आपण किराण्याचा हिशेब लिहायचा सोडतो का? हिशेब जमल्याशी कारण. तुमची वही त्या जातीची आहे. ती भिंतीवर लावायची नाही.

मुलाचं म्हणणं मात्र मोडीत काढू नका. अ‍ॅपनं नाव मिळतं आणि नावाला किंमत आहे. नाव कळलं की पुढं चौकशी करता येते. माझी हरकत एवढीच, की नाव मिळालं की बघणं थांबतं. आणि गवताच्या जातींमध्ये, किंवा रोप फुलावर नसताना, अ‍ॅप सरळ चुकीचं नावही ठोकून देतं. ते चुकलं हे ओळखायला कुणाच्या तरी डोळ्यांत ते झाड आधी असावं लागतं.

पोरगा सुट्टीला आला की त्याला एक काम द्या. समोर न ठेवता सायकल काढ म्हणावं: चौकट, पायडल, साखळी, सगळं. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी 2006 मध्ये लोकांना हेच करायला लावलं होतं. साखळी दोन्ही चाकांना जोडणारे, पुढचं चाक वळूच शकणार नाही अशी चौकट काढणारे कितीतरी निघाले. जन्मभर पाहिलेली वस्तू. तुमच्या घरी तो खेळ झाला की फोटो मोठा की चित्र मोठं, हा वाद जरा मऊ होईल.

फोटोबद्दलचा एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल यांनी एका संग्रहालयात लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला लावल्या आणि काहींचे फोटो काढायला लावले. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या, त्यातले बारकावेही कमी आठवले. पण जिथं कॅमेरा जवळ नेऊन एखाद्या भागावर रोखला होता, तिथं आठवण पक्की राहिली. याचा मी काढलेला अर्थ साधा आहे: कॅमेऱ्याचा दोष नाही, नुसतं टिपून पुढं जाण्याचा आहे. तेव्हा फोटो काढाच, पण चित्र झाल्यावर. पानाची खालची बाजू, पेर, फूल जवळून, आणि शेजारी नाणं ठेवून अख्खं रोप. रोप घरी येईपर्यंत सुकतं, तेव्हा हे फोटो कामाला येतात.

आणि हे भांडण आपल्या मुलखात फार पूर्वीच मिटलेलं आहे. अजिंठ्याची लेणी 1819 मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडली. तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला 1844 पासून रॉबर्ट गिल येऊन राहिला, वर्षानुवर्षं राहिला. तोच गिल पुढं कॅमेराही वापरायला लागला. अजिंठा-वेरूळचे त्यानं काढलेले फोटो 1864 मध्ये पुस्तकात छापले गेले. दोन्ही हत्यारं एकाच माणसाच्या हातात होती. त्याच्या बहुतेक रंगीत नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुन्हा त्याच भिंतींसमोर बसले, आणि त्यांच्याही कितीतरी नकला 1885 च्या आगीत जळाल्या. तरी 1909 नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूतून तरुण नंदलाल बोस तिथं आलेच. त्यांनी ती भिंत रेघेरेघेनं उतरवून घेतली आणि अजिंठ्याचं ते वळण त्यांच्या हातात राहिलं. पुढं संविधानाच्या मूळ प्रतीची पानं ज्यांच्या देखरेखीखाली सजली ते हेच. मी हे सांगतेय कारण 'एवढं करून वहीचं होणार काय' असा सूर तुमच्या पत्रात आहे. वहीचं काहीही होवो.

क्लासबद्दल मात्र मला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात सांगता येत नाही. शिकून फरक पडतो, हे मान्य करायला हवं. 1609 च्या उन्हाळ्यात थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञानं दुर्बिणीतून चंद्र बघून चित्र काढलं. त्यात उजेड-अंधाराची सीमा वेडीवाकडी आहे, डोंगर-खड्डे नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओनं तोच चंद्र पाहिला. फ्लॉरेन्सच्या कलापरंपरेत त्याची नजर तयार झालेली, उजेड एका बाजूनं पडला की उंचवट्याची सावली कशी पडते हे त्याला चित्रकलेतून माहीत होतं. त्याला त्या वेड्यावाकड्या रेषेत डोंगरांच्या सावल्या दिसल्या, आणि अंधाऱ्या भागात चमकणाऱ्या शिखरांवरून त्यानं उंचीचा हिशेबही मांडला. 1610 मध्ये त्याचं पुस्तक आलं; त्यानंतरच्या हॅरियटच्या चित्रांत खड्डे दिसू लागतात. छायेचं शिक्षण नसतं तर गॅलिलिओलाही डाग आणि रेषाच दिसल्या असत्या, असं म्हणणारे कला-इतिहासकार आहेत, आणि मला ते पटतं.

तेव्हा शिकायचंय तर शिका, पण काय शिकवतात ते आधी विचारा. समोर खरी वस्तू ठेवून काढायला लावतात की फोटोवरून? 'हुबेहूब'च्या जाहिरातीत नट-नट्यांचे चेहरे असतात, आणि ते बहुतेक वेळा फोटोवर चौकटी आखून एकेक चौकट उतरवून काढलेले असतात. त्यात हात बसतो, चिकाटी येते, शेजारणीला दाखवायला चित्र मिळतं. वाईट काही नाही. पण केन्याची तिसरी पाकळी त्यातून सापडणार नाही, कारण चौकटीत जे दिसतं ते आधीच कुणीतरी बघून ठेवलेलं असतं. माझं ऐकाल तर ते 2,000 रुपये सध्या राहू द्या. तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिक्षक असतील, तिथं आजही मुलं एलिमेंटरीला बसत असतील. रविवारी तासभर मागा. चित्र सुधारून द्या, असं म्हणू नका. प्रमाण कसं घ्यायचं आणि छाया कशी बघायची, एवढंच दाखवा म्हणा.

त्यातलं थोडं इथंच सांगते. पेन्सिल धरून हात पुढं ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत पानाची रुंदी धरा आणि तीच रुंदी लांबीत किती वेळा बसते ते मोजा. अंदाजानं काढलेली पानं किती जाडी झाली होती ते लगेच दिसेल. दुसरं म्हणजे दोन पानांमधली मोकळी जागा काढा, पानं काढूच नका. त्या पोकळीला नाव नसतं, त्यामुळे हाताला तिचं पाठांतरही नसतं. तिसरं, कधीतरी वहीकडे न बघता, नजर पानाच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं फिरवत, तितक्याच हळू पेन कागदावर फिरवा. जे उमटेल ते बघून हसू येईल. हसून झालं की नीट बघा, कडेचे दाते मोजून बरोबर आलेले असतात.

खोडरबर घरी ठेवा. पावसाळ्यात शाईचं पेन फुटतं, जेल पेन पसरतं. बॉलपेन किंवा साधी एचबी पेन्सिल बरी. डायरी खताच्या रिकाम्या पिशवीतल्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर भिजत नाही. प्रत्येक चित्राशेजारी तारीख, कुठल्या वावरात, जमीन ओली की कोरडी, आणि चित्रात जे काढता आलं नाही ते शब्दांत लिहा: वास, चव, चीक निघतो का, गुरं तोंड लावतात का. अर्धं चित्र आणि चार शब्द हे पूर्ण चित्रापेक्षा मला जास्त पसंत आहे.

वेळेचं काय, हा खरा काटा आहे, आणि तुम्ही तो पत्रात 'शेतीला उपयोग होईल' या वाक्याखाली झाकलाय. उपयोग होईलही. खोड, पेर, गाठी बघायची सवय लागली की सोयाबीनवर चक्रीभुंगा आल्याचं तुम्हाला शेंडा वाळायच्या आधी कळेल. देठावर किंवा फांदीवर तो एकमेकांजवळ दोन गोल खाचा पाडतो आणि मधल्या जागेत अंडी घालतो, त्या खाचा चित्र काढणाऱ्या डोळ्याला सापडतात. पण समजा उपयोग झाला नाही. मग काय? मालक संध्याकाळी पारावर बसतात, चहाच्या टपरीवर तासभर जातो, त्याचा उपयोग घरात कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. तुमच्या वीस मिनिटांना मात्र पावती लागते. ती फाडायचं तुम्हीच बंद केलंत तर बरं. तीही वीस मिनिटं सलग लागत नाहीत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या प्रयोगात, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लोकांना शब्द दिले. काही लिहून ठेवायचे, काहींचं चित्र काढायचं. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले, अगदी चार सेकंदांत खरडलेलं चित्र असलं तरी, आणि चित्र बरं की वाईट यानं विशेष फरक पडला नाही. जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली एक पेर काढलंत तरी त्या दिवसाचं झालं.

वही पिठाच्या डब्यामागून बाहेर काढा. धाडस म्हणून सांगत नाहीये, त्यात तुमचा स्वार्थ आहे. सासूबाई गेल्या, पण त्यांच्या बरोबरीनं खुरपायला जाणाऱ्या बायका गावात असतील. "मावशी, तुम्हाला कुठली कुठली भाजी माहीत आहे?" असं विचारलंत तर त्या "आता कुठं आठवतंय बाई" म्हणून सुटतील. त्याऐवजी वही पुढं करा. चुकलेलं चित्र दिसलं की माणसाला राहवत नाही. "आगं, कुंजराचं पान असं नसतंय, दे इकडं," असं म्हणत एखादी उठेल आणि रोपच उपटून आणेल. चित्र फारच सुबक असतं तर ती "छान काढलंय" म्हणून गप्प बसली असती. तुमच्या वाकड्या रेघांचा हा फायदा वाया घालवू नका. जाऊबाईंनाही असंच विचारा: हे तांदुळजाचं म्हणून काढलंय, बरोबर आहे का? हसतील, पण काटेमाठाला पानाच्या बगलेत काटे असतात आणि तांदुळजाला नसतात, हे कदाचित त्याच पहिल्यांदा सांगतील. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव चित्राखाली लिहा.

एक गोष्ट हळूच विचारते, उत्तर मला द्यायची गरज नाही. वही पूर्ण झाली, सगळी तणं आली, तर सासूबाईंचं सगळं वाचवलं असं तुम्हाला वाटेल का? मला वाटतं, नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांच्या रोजच्या वाटेनं माहीत झालेलं होतं. तुमच्या वहीत येईल ते तुमचं असेल, आणि त्यात त्यांना माहीत नसलेलंही काही असेल. यादी अपुरी राहिली म्हणून मनाला लावून घेऊ नका.

अशा अर्थाची पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलांनो, फुलाची आकृती तुम्ही गाइडातून पाठ करता. वसतिगृहाच्या दारात जास्वंद असेल तर एक फूल उभं चिरून त्याचं चित्र काढा. पुंकेसर एकत्र जुळून नळी झालेली आणि तिच्या आतून वर आलेली पाच टोकं एकदा स्वतः काढलीत की ती आकृती परीक्षेत आठवावी लागत नाही. आणि ज्यांना शेत नाही, त्यांनी औंढा नागनाथला जाऊन देवळाची एक भिंत खालून वर काढत जावी. कोरीव दगडी थर काढता काढता एका ठिकाणी दगड संपतो आणि वेगळ्याच घडणीचं पांढरं शिखर सुरू होतं. दर्शन घेऊन, सेल्फी काढून परतणाऱ्याच्या हे लक्षात येईलच असं नाही. काढणाऱ्याला त्या सांध्याशी थांबावंच लागतं, आणि मग खालचं कधीचं, वरचं कधीचं, मध्ये काय घडलं, हे प्रश्न त्याचे तोच विचारायला लागतो.

शेवटी, ताई, दोन गोष्टी सक्त सांगते. चित्रावरून किंवा अ‍ॅपवरून ओळख पटली म्हणून कुठलीही पालेभाजी शिजवू नका. ती भाजी ज्या बाईनं वर्षानुवर्षं खाल्ली आहे तिनं ते रोप हातात घेऊन होकार दिला तरच. आणि गाजरगवताचं चित्र काढायला बसाल तेव्हा ते उघड्या हातानं धरू नका, त्यानं अंगाला खाज सुटते, कुणाकुणाला फार त्रास होतो. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर ते रोप शेतात उभं असतानाच लांबून काढा.